चाल कोणाची? बाई सुंदराबाई आणि मराठी गीतसंहितेतील कर्तृत्वाचा प्रश्न

संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या डोक्यावर एक लहानशी ओळ असते. अमक्या गाण्याची चाल, तमका राग, तमका ताल. पद वाचणारा अभ्यासक या ओळीवरून थेट पदाच्या शब्दांवर उतरतो. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 मध्ये ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले तेव्हापासून ही ओळ मराठी नाट्यवाङ्मयाची सोबतीण आहे. साकी, दिंडी, लावणी, कानडी पदे, कीर्तनातील आर्या, पुढे उत्तरेकडील ठुमऱ्या आणि गझला असा अनेक परंपरांचा उसनवारीचा हिशेब या एका ओळीत लिहून ठेवलेला आहे. आपल्या नाट्यसमीक्षेने तो कधी गांभीर्याने वाचला नाही. पद हे नाटककाराचे, गाणे हे नटाचे, आणि चाल ही जणू हवेतून आलेली, अशीच समजूत रूढ राहिली. उपनगरांतील, अंधेरी-बोरिवलीपासून मुलुंड-घाटकोपरपर्यंतच्या महाविद्यालयांच्या पदव्युत्तर वर्गांत ‘एकच प्याला’ अजूनही आवडीने शिकवले जाते. सिंधूचे पातिव्रत्य, सुधाकराचे अधःपतन, तळिरामाचा विनोद यांवर उत्तरे लिहिली जातात. पदे मात्र बहुतेक वेळा वगळली जातात, कारण ती ‘गाण्याची बाब’ मानली जातात. प्रस्तुत लेखात या वगळलेल्या बाबीकडे एका गायिकेच्या कारकिर्दीच्या आधारे पाहायचे आहे.

‘एकच प्याला’च्या संहितेचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. राम गणेश गडकरी 23 जानेवारी 1919 रोजी वारले. नाटक लिहून झाले होते, पदे व्हायची होती. ती विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहिली. 20 फेब्रुवारी 1919 रोजी बडोद्यास गंधर्व नाटक मंडळीने पहिला प्रयोग केला आणि बालगंधर्वांची सिंधू मराठी प्रेक्षकांच्या मनात कायमची घर करून राहिली. म्हणजे गद्य एकाचे, पद्य दुसऱ्याचे, कंठ तिसऱ्याचा. पण कर्तृत्वाची साखळी येथे संपत नाही. या नाटकातील पदांच्या चाली पुण्याच्या बाई सुंदराबाई जाधव यांनी दिल्या. गुर्जरांचे नाव गडकऱ्यांच्या चरित्रांत आदराने येते, बालगंधर्वांवर तर ग्रंथच्या ग्रंथ आहेत. सुंदराबाईंचे नाव संगीताच्या जाणकारांना माहीत आहे. वाङ्मयेतिहासात ते शोधू गेल्यास फार पाने उलटावी लागतात.

येथे एक तुलना उद्बोधक ठरेल. ‘मानापमान’ (1911) च्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या, ‘स्वयंवर’ (1916) च्या भास्करबुवा बखल्यांच्या. या दोघांबद्दल बोलताना आपण ‘संगीतरचना’, ‘प्रतिभा’, ‘रागांची निवड’ अशी भाषा वापरतो आणि ती योग्यच आहे. सुंदराबाईंबद्दल बोलताना मात्र क्रियापद बदलते. त्यांनी चाली ‘पुरवल्या’, चाली त्यांच्याकडून ‘घेतल्या’, बालगंधर्वांनी त्यांचे ‘सोने केले’. टेंबे रचतात, बुवा घडवतात आणि बाई पुरवतात. एकाच नटाच्या, आठ वर्षांच्या आत आलेल्या तीन नाटकांविषयी ही क्रियापदे वापरली जातात. त्यांत जो फरक दिसतो तो कलेच्या प्रतीचा आहे असे म्हणण्यास मला आधार सापडत नाही. बैठकीतल्या गाणारणीकडे चालींचा साठा असतो, तिच्याजवळ ‘कृती’ नसते, असे गृहीत धरल्याशिवाय ही भाषा तयार होत नाही. लोकगीते सांगणाऱ्या बायकांना आपण ‘निवेदक’ म्हणतो आणि संकलकाचे नाव मुखपृष्ठावर छापतो, तोच हा न्याय.

मराठीत ‘चाल’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. गाण्याची चाल आणि माणसाची चालचलणूक. 1919 च्या मध्यमवर्गीय महाराष्ट्राने बैठकीतल्या बाईची पहिली चाल आनंदाने स्वीकारली. दुसरीबद्दलचा संशय मात्र त्याने सोडला नाही, मग ती बाई प्रत्यक्षात कोणत्याही कुळातली असो आणि कशीही राहत असो. ‘एकच प्याला’त या दोन अर्थांची गाठ विलक्षण रीतीने पडते. ज्या ठुमरी-गझलेच्या वळणाच्या स्वररचना बैठकीत प्रियकराची वाट पाहणाऱ्या, रुसणाऱ्या, आर्जव करणाऱ्या नायिकेच्या होत्या, त्या आता दारुड्या नवऱ्याचे पाय न सोडणाऱ्या पत्नीच्या तोंडी आल्या. ठुमरीतील आर्तता बहुतेक वेळा लग्नाच्या चौकटीबाहेरची असते, सिंधूची त्या चौकटीच्या अगदी आतली. तरी स्वरवाक्य तेच राहते. सिंधूचे संवाद आज अनेकांना कृत्रिम, अश्रुपूर्ण वाटतात, स्त्रीवादी वाचनाला तर ते सहनही होत नाहीत. पदे मात्र टिकून राहिली. माझ्या मते याचे एक कारण असे की, सिंधूच्या गद्यात जी इच्छा दाबून टाकलेली आहे ती तिच्या चालीत शिल्लक आहे. संवाद तिला सती करतात, चाल तिला नायिका करते. नाटकाची संहिता शब्दांपुरतीच वाचणाऱ्याला हा ताण दिसणारच नाही.

सुंदराबाईंची खरी ओळख मात्र नाटकातली नव्हे. बैठक आणि ध्वनिमुद्रिका ही त्यांची दोन क्षेत्रे. लावणी, ठुमरी, दादरा, गझल, भजन असे अनेक प्रकार त्या गात. पुण्याच्या लावणीचे अस्सल मराठी वळण आणि उत्तरेकडील ‘बोल बनविण्या’ची रीत या दोहोंचा संगम हे त्यांच्या गाण्याचे वैशिष्ट्य. बैठकीची लावणी फडातल्या लावणीहून वेगळी. तीत पाय थांबतात आणि अदा चालू राहते. गायिका बसून गाते, एकच शब्द निरनिराळ्या अंगांनी उच्चारते, आर्जव, लटका राग, थट्टा, पुन्हा आर्जव. मग ढोलकी-तबला लग्गीत शिरतो आणि ती परत मुखड्यावर येते. शब्दाचा अर्थ एकदा सांगून न थांबता तो उलटसुलट करून दाखवणे, ही खरे तर टीकाकाराची कृती. म. वा. धोंडांनी ‘मऱ्हाटी लावणी’ (1956) मध्ये फड आणि बैठक यांतील भेद लक्षात घेऊन लावणीचा विचार केला, हे त्या ग्रंथाचे मोठेपण. पण तेथेही विवेचनाचा कणा शाहीर आणि त्याची रचना हाच राहिला.

ध्वनिमुद्रिकेने या बैठकीचे काय केले? भारतात हा व्यवसाय सुरू झाला तो 1902 मध्ये, कलकत्त्यास, फ्रेड गायसबर्गच्या फेरीने. आणि त्या फेरीतले सर्वांत गाजलेले नाव गौहर जानचे. गाणे संपताना ती स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारते, हे प्रसिद्ध आहे. त्यामागे आत्मप्रौढी नव्हती. मेणावरचे मूळ मुद्रण तबकड्या काढण्यासाठी जर्मनीतील हानोव्हरला जाई, तेथील कारागिराला हे गाणे कोणाचे ते कळावे, म्हणून गायिकेने नाव सांगायचे. 1908 मध्ये डमडमचा कारखाना निघाल्यावर ही गरज उरली नाही. पण उद्योगाच्या सोयीसाठी घडलेल्या या कृतीचा सांस्कृतिक परिणाम मोठा झाला. बैठकीतली बाई प्रथमच, श्रोत्यांच्या मध्यस्थीशिवाय, स्वतःच्या आवाजात स्वतःचे नाव नोंदवू लागली.

पुढे उच्चारलेल्या नावाची जागा छापलेल्या लेबलाने घेतली. सुंदराबाईंचे नाव तेथे ‘पुण्याच्या बाई सुंदराबाई’ अशा रूपात येते. या नावात ‘बाई’ दोनदा आहे. दुसरी नावाचाच भाग, पहिली व्यवसायाची पदवी. वडिलांचे नाव नाही, नवऱ्याचे नाही, आडनावही नाही. त्यांच्या जागी गाव आहे. अलाहाबादची जानकीबाई, आग्र्याची जोहराबाई, आणि गोमंतकातून मुंबईत आलेल्या केरकर, कुर्डीकर, मालपेकर या सर्वांच्या नावांत गावच कुळाचे काम करते. कुटुंबाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्त्रीला त्या काळी गाण्याच्या बाजारात जागा नव्हती, आणि गावाच्या नावाने ओळखल्या जाणारीला घरंदाज माजघरात. मात्र तबकडीला ही बंदी लागू नव्हती. पुणेरी माजघरात बाई पाऊल टाकू शकत नसे. तिची तबकडी टाकू शके. भोंग्याच्या पेटीभोवती बसून सासू-सुना लावणी ऐकत, ही गोष्ट त्याआधी कल्पनेपलीकडची होती. लावणीचा ऐकणारा स्त्रीवर्ग प्रथम तबकडीने निर्माण केला, असे म्हटले तर ते अतिशयोक्त होणार नाही.

साहित्याभ्यासकाच्या दृष्टीने आणखी महत्त्वाची एक उलथापालथ तबकडीने केली आणि तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. शाहिरी लावणी लांब असते, कडव्यामागून कडवे जाते आणि अखेरच्या चरणात शाहिराची नाममुद्रा येते. ती त्याची सही. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावतात. त्यांत ध्रुवपद, एखाद-दुसरे कडवे आणि अदाकारी एवढेच बसते. बाकी कडव्यांना कात्री लागते आणि त्यांच्याबरोबर अखेरची मुद्राही जाते. शाहिराचे नाव गळते आणि नेमक्या त्याच वेळी मधोमध चिकटवलेल्या गोल कागदावर गाणाऱ्या बाईचे नाव येते. छापील संग्रहांत याच्या उलट घडते. तेथे सर्व कडवी असतात, मुद्रा असते, पाठभेदही असतात, गाणारी नसते. एकाच लावणीची ही दोन रूपे दोन वेगवेगळे कर्ते सांगतात. आपण ‘संहिता’ म्हणून यांतले एकच का निवडले, हा पाठचिकित्सेचा प्रश्न आहे, आणि तो संगीतवाल्यांकडे ढकलून देता येणार नाही.

याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकाला घडलेली एक गोष्ट येथे आठवते. 10 ऑगस्ट 1920 रोजी न्यूयॉर्कमध्ये मेमी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेने ओके कंपनीसाठी ‘क्रेझी ब्लूज’ हे गाणे मुद्रित केले. त्याच्या खपाने अमेरिकन कंपन्यांचे डोळे उघडले आणि मा रेनी, बेसी स्मिथ यांच्या मुद्रिकांचा काळ 1923 पासून सुरू झाला. गोऱ्या ग्राहकांसाठी एक सूची, काळ्यांसाठी दुसरी, अशी विभागणी करूनच हा बाजार उभा राहिला. बेसी स्मिथच्या तबकड्यांवर कोलंबिया कंपनी तगली, पण खपावरचे मानधन बेसीला मिळाले नाही. आपल्याकडील श्रोत्याला ओळखीचे वाटावे असे एक नावही या कथेत आहे. ओके कंपनी काढणारा ओटो हाइनमान हा जर्मनीतील लिंडश्ट्रोम उद्योगसमूहातून आलेला, आणि ‘ओडियन’ हा छाप त्याच समूहाचा. सुंदराबाई ज्या छापांवर गायिल्या त्यांत ओडियनही आहे. दुःख आणि शृंगार गाणाऱ्या, समाजाने कडेला ठेवलेल्या स्त्रियांचे आवाज विकण्याचे तंत्र दोन खंडांत जवळजवळ एकाच गोतावळ्याने वापरले.

अँजेला डेव्हिस यांनी 1998 च्या आपल्या ग्रंथात या ब्लूज गायिकांच्या गाण्यांत काळ्या कष्टकरी स्त्रीच्या मुक्त आत्मभानाचा इतिहास वाचला. तो ग्रंथ वाचल्यावर बैठकीच्या लावणीलाही तीच कसोटी लावण्याचा मोह अनेकांना होतो. विद्यार्थ्यांच्या प्रबंधिकांत तर तो हमखास दिसतो. मला तो मोह धोक्याचा वाटतो. मा रेनी आणि बेसी स्मिथ यांनी आपली अनेक गाणी स्वतः रचली. गाण्यातला ‘मी’ आणि गाणारी ‘मी’ यांत तेथे सरळ नाते जोडता येते. लावणीतला ‘मी’ स्त्रीचा असतो, पण तो होनाजीने, प्रभाकराने, परशरामाने लिहिलेला असतो; पेशवाईतल्या फडात तो नाच्या पोऱ्याच्या तोंडून बोलला गेला. म्हणजे लावणीची नायिका जन्मापासून पुरुषाच्या शब्दांत आणि पुरुषाच्या देहात वावरलेली. पठ्ठे बापूराव आणि पवळा हिवरगावकर यांच्या फडात तिला स्त्रीचा देह मिळाला. तरी बापूरावांच्या लावण्यांचे संग्रह निघाले आणि पवळेची चर्चा तिच्या रूपाभोवतीच फिरत राहिली. शर्मिला रेगे यांनी 1995 मध्ये लावणी-कलावंतांवरील निबंधात जात, लैंगिकता आणि श्रम यांचा जो व्यूह उलगडला, तो लक्षात घेतल्यावर ‘लावणीतील मुक्त स्त्री’ हा शब्दप्रयोग जपूनच वापरावा लागतो.

मग सुंदराबाईंच्या गाण्यात स्वतःचे असे काय उरते? शब्द पुरुषाचे आहेत, कंपनी परकी आहे, वेळ तीन मिनिटांची. उरते ती चाल, आणि चालीत शब्दाला दिलेले वळण. पुरुषाने स्त्रीच्या नावाने लिहिलेले आर्जव जेव्हा ती उच्चारते तेव्हा त्यात किंचित अंतर ठेवते, कधी हसते, कधी शब्द अर्ध्यावर तोडते. नायिका शरण गेलेली असते, गायिका जात नाही. हा भेद छापील ओळीत दाखवता येत नाही आणि म्हणून छापील ओळीवर पोसलेल्या समीक्षेला तो ‘अदा’ या एका शब्दात गुंडाळावा लागतो. अदेला आपण अलंकार समजलो. तो खरा अन्वयार्थ होता.

आता ‘एकच प्याला’कडे पुन्हा पाहिले की चित्र पूर्ण होते. लावणीच्या तबकडीवर पुरुषाने रचलेली स्त्री एका स्त्रीच्या कंठातून बोलते. गंधर्वांच्या सिंधूत एका स्त्रीने दिलेली चाल पुरुषाच्या कंठातून बोलते, आणि तो पुरुष घरंदाज स्त्रीचे रूप घेऊन उभा असतो. समोर घरंदाज स्त्रिया बसलेल्या असतात, त्या त्याच्या लुगड्याचे नेसणे आणि केसांची ठेवण उचलतात, घरी जाऊन तीच पदे गुणगुणतात. बैठकीचा स्वर अशा वळशाने स्वयंपाकघरात पोहोचला. वाटेत त्याच्यावरचे नाव पुसले गेले होते, आणि ते पुसले गेले म्हणूनच तो पोहोचला. तबकडीने नाव ठेवले, पण ते बाजाराच्या कोष्टकात. रंगभूमीने स्वर प्रतिष्ठित केला, पण निनावी करून. या दोन व्यवहारांची बेरीज म्हणजे सुंदराबाईंची कारकीर्द असे मला वाटते.

प्रतिष्ठेचा तिसरा मार्ग त्या काळात खुला होत होता. हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या, 1929 मध्ये स्वतःची नाटक मंडळी काढली, साध्या वेषात, हातवारे न करता ख्याल गाऊन ‘गाणारी बाई’ या शब्दाला नवे वजन दिले. त्यांचे ऐतिहासिक कार्य मोठेच. मात्र या मार्गावर चालण्यासाठी अदा दाराबाहेर ठेवावी लागे, आणि अदा सोडली तर सुंदराबाईंच्या गाण्यातले काय उरले असते? ख्यालाला हा दरवाजा रुंद होता, लावणीला अरुंद. पुढे तो आणखी आक्रसला. 1946 च्या अंतरिम सरकारात नभोवाणी खाते सरदार पटेलांकडे असताना, ज्यांचे खाजगी जीवन लोकापवादाचा विषय झाले आहे अशांना रेडिओवर स्थान नको, असे धोरण आले. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांच्या सरकारने तमाशावर काही काळ बंदी घातली आणि त्याच्या ‘सुधारणे’साठी समिती नेमली. लावणी पुन्हा लोकांसमोर आली ती चित्रपटातून, नाचणारीचा देह एकीकडे आणि पार्श्वगायिकेचा आवाज दुसरीकडे अशी दुभागून. सुलोचना चव्हाणांनी डोक्यावरचा पदर ढळू न देता ती गायिली. पदराचा हा तपशील लोक कौतुकाने सांगतात. गायिकेला तो पदर का सांभाळावा लागला, हे विचारावे असे मला नेहमी वाटते.

सुंदराबाईंच्या वाट्याला चित्रपटात आले ते याहून वेगळे काम. प्रभातच्या ‘माणूस’ (1939) मध्ये शांतारामबापूंनी एका हवालदाराची आणि वेश्येची गोष्ट सांगितली. मैना झाल्या शांता हुबळीकर, गणपत झाले शाहू मोडक. या गोष्टीत बैठक गाजवलेल्या सुंदराबाई आहेत, पण माडीवर नव्हे, गणपतच्या घरी. त्या त्याच्या देवभोळ्या आईच्या भूमिकेत आहेत आणि भजन गातात. पडद्यावर वेश्येचे गाणे एका तरुण नटीकडे गेले आणि ज्या बाईने हे गाणे आयुष्यभर खरोखर जगवले तिला आई व्हावे लागले. वय झाले होते, हे उत्तर पुरेसे आहे आणि तरी अपुरे आहे. भजनातला आवाज मात्र तोच आहे. शब्दावर किंचित रेंगाळण्याची, मग तो अलगद सोडून देण्याची लकब तशीच. देवापुढची आळवणी आणि प्रियकरापुढचे आर्जव यांतले अंतर तिथे एका स्वराएवढेही उरत नाही.

1955 मध्ये सुंदराबाईंचे निधन झाले. लाखेच्या तबकड्यांचा काळही त्यानंतर काही वर्षांत सरला आणि त्या रद्दीच्या, जुन्या बाजाराच्या आश्रयाला गेल्या. 1990 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या संग्राहकांच्या संस्थेने त्या शोधून, त्यांच्या क्रमांकांची, छापांची, बाजूंची नोंद करण्याचे काम केले. चोर बाजारात तबकडी हुडकणाऱ्या या माणसांत बँकेतले होते, प्रयोगशाळेतले होते. मराठीचे प्राध्यापक क्वचितच. पाठभेदांची सूची करणे हे ज्याला आपण संशोधनाचे पहिले पाऊल मानतो, ते लावणीच्या बाबतीत आपल्या विद्याशाखेबाहेरच्या लोकांनी टाकले. केसरबाई केरकरांची भैरवीतली तबकडी 1977 मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अवकाशात गेली हे आपण अभिमानाने सांगतो. पृथ्वीवर राहिलेल्या तबकड्यांची मराठी लावणी-संग्रहांशी ओळीला ओळ लावून तपासणी व्हायला हवी. कोणते कडवे गायिले गेले, कोणते गळले, कोणता शब्द गाताना बदलला, मुद्रा कोठे तुटली हे त्यातून कळेल. ‘एकच प्याला’च्या पुढच्या चिकित्सक आवृत्तीत पदांच्या डोक्यावरच्या त्या लहानशा ओळीला तळटीप हवी, आणि त्या तळटिपेत गुर्जरांच्या नावाशेजारी सुंदराबाईंचे नाव, ‘पुरवल्या’ या क्रियापदाशिवाय.